शेऱ्याचा रकाना

वैशाखात मी पट्टी घासते,
काथ्याने, एकेक आकडा,
पुलाच्या तिसऱ्या खांबाला दोरीने लटकून.
साडेसोळाला पिवळा पट्टा, साडेसतराला लाल.
मधला एक मीटर, तीच माझी नोकरी.

दर तासाला वाचायचं, लिहायचं, कळवायचं :
बदलापूर, उल्हास, पंधरा दशांश आठ, वाढतंय.
वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा.
माझ्याआधीचे टेंबे त्यात आभाळ लिहीत.
'सकाळी पिसारा.' 'दुपारी खवले.'
'रात्री चंद्राला खळं, मोठं.'
साहेबांनी कधी विचारलं नाही,
खोडलंही नाही.

निवृत्त होताना म्हणाले,
काळ्या ढगाला सगळेच भितात, बाई.
तुम्ही पांढऱ्याकडे बघत जा.
चार कोस वर असतो तो, नुसता बर्फ,
आषाढातही तिथे थंडी.
आणि पावसाळ्यात तो उलटा चालतो.
खालचे ढग समुद्राकडून घाटाकडे,
वरचे घाटाकडून समुद्राकडे.

मी मान हलवली. म्हाताऱ्या माणसाचं कोण मोडतं.

काल दुपारी चार मिनिटं फट पडली.
खाली राखेच्या रंगाचे गठ्ठे
मुरबाडच्या दिशेने पळत होते
आणि त्यांच्या खूप वर
पिंजलेलं सूत, सावकाश,
कुणाची घाई नसल्यासारखं
खाडीकडे चाललेलं.
मी पुलावर छत्री मिटून उभी.
मागून रिक्षावाला ओरडला, मावशी, बाजूला!

हे सूत म्हणजे मोठ्या ढगाचं डोकं,
वाऱ्याने लांबवर ओढून नेलेलं.
पाऊस असतो तो त्याच्या पायाशी.
पाय कुठे, ते आपण ओळखायचं.
सूत पूर्वेकडून येत होतं.
पूर्वेला घाट.

पावणेपाचला नेरळचा फोन आला.
इथला पूर म्हणजे
तिथे कधीच पडून गेलेला पाऊस.

सहाला सोळा दशांश पाच. इशारा दिला.
गटावर कुणीतरी हसरा चेहरा टाकला,
कुणी विचारलं, उद्या शाळेला सुट्टी का?

मी खाली कमळू दळवीच्या वाड्यावर गेले.
बारा शेळ्या, एक पाट, एक विझलेली चूल.
"आकरे नको सांगू पोरी," तो म्हणाला,
"पानी येल का नाय, येवरं बोल."

एवढंच मला बोलता येत नाही.
खडू होता पिशवीत.
त्याच्या कुडावर गुडघ्याएवढी एक रेघ ओढली.
म्हटलं, सतरा म्हणजे ही. नऊच्या सुमारास.
तो रेघेकडे बघत राहिला,
मग सगळ्यात धाकट्या शेळीकडे,
मग तिच्या गळ्याची गाठ सोडू लागला.

रात्रभर वाचत होते.
सोळा आठ. सतरा. सतरा एक.
बॅटरीच्या उजेडात पाणी पट्टी चाटत होतं,
मी घासलेले आकडे एकेक करून घेत.
सतरा दोनला थांबलं. लाल पट्टा कोरडा.

सकाळी कुडावर चिखलाची नवी रेघ होती,
माझ्या रेघेच्या वीतभर वर.
मी कमी सांगितलं होतं.
कमळू काही बोलला नाही,
शाळेच्या ओट्यावरून शेळ्या मोजत आणल्या.
बारा. पुन्हा मोजल्या.

आठचं वाचन सोळा एक, उतरतंय.
शेऱ्याचा रकाना आजवर मी कोरा ठेवायचे.
आज लिहिलं :
वर बर्फ. पश्चिमेकडे. अजून चाललाय.