कान तुटलेला कप

काल शरणपूरच्या देवळात प्रभुभोजन होतं.
पाळकसाहेब म्हणाले, आधी स्वतःला तपासा,
मग पुढे या.
मी तपासलं.
दशांश दिलेला. सकाळचं वाचन झालेलं.
भांडण कुणाशी नाही, एक धाकटी जाऊ सोडली तर.
उठले. रूथबाई सरोदेंच्या मागोमाग
त्याच प्याल्याला ओठ लावले.

आज सोमी आली, फुलेनगरहून चालत.
भांडी झाली, फरशी झाली.
चहा गाळला आणि हात आपला आपण
खिडकीबाहेरच्या कट्ट्याकडे गेला,
कान तुटलेल्या कपाकडे.
बारा वर्षं तो तिथंच असतो.
मी रविवारच्या शाळेत मुलांना
‘शेजारी म्हणजे कोण’ शिकवते.

आजोबा सांगायचे,
गावात पाणी वरून ओतायचे, ओंजळीत.
मिशनच्या नर्सनं तांब्याच हातात दिला.
माझा बाप्तिस्मा तिथंच झाला, म्हणायचे,
नदीवरचा नंतरचा.

शोकेसमधला गुलाबांचा कप काढला.
सोमी बघत राहिली.
“कुणी यायचंय का, बाई?”
“नाही. तुलाच.”
ती घाईघाईनं प्याली, चटका बसला तरी,
उसनं काही परत करायचं असल्यासारखी.
मग धुतला, पदरानं पुसला
आणि ठेवून दिला
खिडकीबाहेर, जुन्याच्या शेजारी.

संध्याकाळची घंटा झाली.
दोन्ही कप तिथंच आहेत
आणि मी अलीकडे, गजांच्या आत.