हसिवु

माझी गिरण वडगावात, मागांच्या गल्लीच्या तोंडाला.
पलीकडं खटखट, इकडं घरघर,
मधे बोलायचं तर ओरडूनच.
बाहेरच्यांना आम्ही भांडखोर वाटतो.

भूक मला डब्यांवरून कळत गेली.
हेमव्वाचा डबा पाच किलोचा होता,
मग तीनचा आला,
मग पोराचा, शाळेत न्यायचा,
आणि एकदा तिनं पदरातूनच जोंधळा ओतला.
म्हणाली, जाडसर काढ गं, जास्त दिसतंय.

आम्ही आधी केलं ते सगळे करतात तेच.
पाटीशेजारी रिकामा डबा ठेवला,
दळायला येईल त्यानं एक मूठ टाकायची.
पंधरा दिवसांत डबा भरला,
भरमाण्णा स्वतः खांद्यावर घेऊन गेला.
हेमव्वानं उंबऱ्यातूनच परत पाठवला.
"मूठ नको. सोसायटीवाला महिन्याला माझं अर्धा किलो खातोय,
ते आणून दे."

भरमाण्णा परत आला तो डब्यावरच बसला.
मग म्हणाला, काटा आपल्याकडं हाय की.

त्या शनिवारपासून रेशन घेऊन निघालेली बाई
घरी जायच्या आधी गिरणीत थांबू लागली.
दहाचं पोतं, साडेनऊ.
गुलशनबी नदाफ, साडेनऊ.
रेणुका मोदगेकर, सव्वानऊ,
कारण तिनं मागच्या महिन्यात तोंड उघडलं होतं.
दुकानदार म्हणायचा, हमाली.
आमच्यातल्या निम्म्याजणींचे नवरे हमाल,
त्यांना त्यातलं काही मिळाल्याचं आठवेना.

वही दोनशे पानी, अर्धी दळणाच्या उधारीची.
ती उलटी धरली आणि मागून लिहायला लागलो.
दोन महिने. बासष्ट घरं.
अंगठे पिठाचेच उमटले.

तहसील कचेरीत साहेबानं अर्ज उलटून पाहिला,
जणू मागच्या बाजूला खरा मजकूर असेल.
"कन्नडदाग बरदु कोडरी."
चिडून परतलो. बसमध्ये दोघं-तिघं भाषेवर बोलले,
मोठ्यानं, आपल्या बाजूनं.
हेमव्वा खिडकीबाहेर बघत होती.
तिची आई कन्नड, सासू मराठी,
आणि सव्वानऊ दोन्हीकडं सव्वानऊच.

रात्री मल्लव्वाची नववीतली पोर गिरणीत बसली,
मी सांगत गेले, ती लिहीत गेली.
चुंबळीसारखी गोल गोल अक्षरं.
एका ठिकाणी मी म्हटलं, हे मला लिहू दे.
कन्नडात भुकेला हसिवु म्हणतात.
जन्मभर कानावर होता हा शब्द, हाताला नव्हता.
ह. सि. वु.
मराठी जिभेवर त्यात हसू येतं.
दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा जमलं,
पण जरा वाकडं, पोर म्हणाली,
असू दे काकू, वाचता येतंय.

वाचलं. कुणीतरी वाचलं.
पावसाळा सरताना एक बाई तपासाला आल्या,
वही मागितली, उधारीची पानंही वाचली,
माझ्या काट्यावर आधी स्वतःची पर्स ठेवून पाहिली.
पुढल्या महिन्यात दहाला दहा आले.
दुकानदार आता माझ्याकडं दळायला येत नाही.
लांब जातो, अनगोळच्या गिरणीत.

एवढं झालं. एवढंच झालं.
गुलशनबीचं कार्ड मात्र यंत्रातून गळलं,
नाव आहे, घर आहे, ती स्वतः आहे,
फक्त यादीत नाही.
खिडकीतून उत्तर येतं, नाळे बर्री.
उद्या या.
तो रिकामा डबा पुन्हा पाटीशेजारी आहे,
तिला ते आवडत नाही, मलाही नाही,
पण उद्यापर्यंत खायचं काय?

गिरणीचं एक असतं.
आधीच्या दळणाचं मूठभर पीठ दगडात राहतं
आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं.
कुणाचं कुणाला गेलं, कुणी विचारत नाही.
पण ते मूठभर असतं तोवर.
अर्धा किलो असला तर विचारायचं.

मंगळवारी गिरण बंद असते.
त्या दिवशी आम्ही तिघी कचेरीत असतो,
वही घेऊन, पहिल्या बाकावर.
शिपाई आता आम्हाला बघून पंखा लावतो.