विहीर सात, दर सोमवारी

तार्तूला, तिसऱ्या मजल्यावर,
नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवा लावावा लागतो.
एव्ही लावते. मग फाइल उघडते :
साधा मजकूर, ना रंग ना चित्र.
ओळीच्या सुरुवातीला एक तारा म्हणजे काम,
दोन तारे म्हणजे कामाच्या पोटातलं काम.
अकरा वर्षांची दलदल या एका फाइलीत मावली आहे.

फाइल तिची, पण घडी काल्यूनं घातलेली.
निवृत्त होऊन बेटावर मधमाश्या पाळायला गेला तो.
मागे ठेवून गेला रबरी बूट, झाकण नसलेला थर्मास
आणि चारशे ओळींची मांडणी,
जिच्यात मधोमध त्याची टीप :
ही ओळ काढू नका. का ते विचारू नका.

शुक्रवारी अहवाल जायचा आहे.
ती कळ दाबते. मजकुराचा कागद होतो,
पण 'विहीर_७' मधला सात
घसरून ओळीच्या पायाशी बसलेला, बारीक,
जणू त्यालाच पाणी लागलं.
आणि गावांच्या नावांतून एक अक्षर गेलेलं :
तो ओ, ज्याच्या डोक्यावर लाट असते,
जो ओठांचा चंबू न करता म्हणायचा असतो.
त्याच्या जागी रिकामी चौकट.
रंगातला अनुस्वार पडला की
नुसती रग उरते, तसं काहीसं.

खालची रेघ यंत्राला हुकूम वाटते : पुढचं खाली उतरव.
ती लिहून ठेवते : नको उतरवूस, मी महिरप घालीन तेव्हाच.
सात वर येतो, अंग झटकून.
छापणारं इंजिन बदलते, टंक बदलते,
चौथ्या खेपेला लाट परत येते.
मग, राहवत नाही म्हणून,
काल्यूची ती ओळ काढून पाहते.
अनुक्रमणिका दोनदा छापली जाते
आणि सगळ्या तारखा फिनिश होतात.
ओळ मुकाट्यानं जागच्या जागी.
फोन करते. पलीकडे वारा.
"कोणती ओळ?" काल्यू विचारतो.

हे सगळं दोन तासांत उरकलं.
अडलं ते दिवसाच्या यादीत :
'विहीर सात, पातळी', तांबड्यात, त्रेसष्ट दिवस उलटून.
गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत गेलेले नऊ आठवडे.
'झालं' म्हणावं तर काम सातच दिवस पुढे सरकतं :
छप्पन्न उलटले. पुन्हा 'झालं'. एकोणपन्नास.
न केलेल्याला नऊ वेळा झालं म्हणायचं?
तिचं बोट कळेवरच थांबतं.

मदतीच्या पानात, अगदी तळाशी, तिला सापडतं :
अधिकच्या चिन्हाआधी एक टिंब दिलं
की काम मागचा हिशेब सोडून देतं,
तू केलंस त्या दिवसापासून पुढचे दिवस मोजतं.
एवढंसं टिंब. पापणीवरच्या केसाएवढं.

धुराडं साफ करणे : टिंब.
पार्नूच्या बहिणीला फोन : टिंब,
मग क्षणभर थांबून ते पुसते, मग पुन्हा देते.
दातांचा डॉक्टर : टिंब, अर्थातच.
विहिरीपाशी येते, आणि देत नाही.
शेवाळाखालचं पाणी सोमवारी वर गेलं असेल, खाली गेलं असेल,
एव्हीचा गुडघा त्याला विचारायला आला नव्हता.

तक्त्यात नऊ ओळी भरते. तारीख, आणि पुढे आडवी रेघ.
तारीख, रेघ.
यंत्र या रेघेला तक्त्याची चौकट समजतं, तक्ता फाटतो,
आणखी पाऊण तास जातो.

रात्री बाहेर पडण्याआधी
काल्यूच्या टिपेखाली ती आपली एक ओळ जोडते :
विचारलं होतं. त्यालाही आठवत नाही.
सोमवारी बूट घालून बघते. दोन नंबर मोठे आहेत.
जाड मोजे, असं काम लिहिते,
तारा देऊन, तारखेशिवाय.