देठाचे पैसे

तीस वर्षं मी प्रेसमध्ये नोटा मोजल्या,
सरकारच्या, अंगठ्याला रबराची टोपी घालून.
आता पहिल्या तारखेला फक्त अकरा मोजते,
पाचशेच्या. वरच्या खोलीचं भाडं.
मी मोजत असताना वेस्ना माझ्याकडे बघत नाही,
जेलरोडवरचा दिव्याचा खांब बघत राहते.

ती आली तेव्हा गल्लीत बोलणं झालं :
गायखेबाईंकडे डॉलर राहायला आला.
दूधवाल्याने लिटरमागे सहा रुपये वाढवून पाहिले.
तिने पिशवी परत केली आणि महिनाभर
लिंबू पिळून काळा चहा प्यायली.
शेवटी तोच जिना चढला, जुन्या भावाने.

बेलग्रेडमध्ये ट्राम चालवायची ती.
अठ्ठावीस वर्षं त्याच रुळांवर गोल गोल,
आणि रूळ सोडला तो थेट नाशिकरोडला, असं तीच सांगते.
तिथे तिचं पेन्शन पंधरा तारखेला संपायचं,
इथे अठ्ठावीसला संपतं.
उरलेले दोन-तीन दिवस ती नुसती खिचडी टाकते.
मी भाजी जास्त करते, डबा वर पाठवते.
डबा परत करायला तिला खाली यावंच लागतं,
आणि आली की बसते.

पोलिसांत तिचा फॉर्म भरताना
साहेबांनी विचारलं, तुमचं नातं काय?
भाडेकरू, म्हटलं.
कागदावर अजून तेच आहे.

माझा हर्षल ब्रॅम्प्टनला तळघरात राहतो.
सहा जणांत एक फ्रिज, कप्प्यांवर नावाच्या चिठ्ठ्या.
फ्लॉवर हातात घेतो म्हणे, साठने गुणतो, ठेवून देतो.
वेस्ना इथे दुधी हातात घेते,
कशाने तरी भागते, आणि दोन घेते.
फोनवर मी त्याला हे सांगितलं नाही.
गुणाकार करणाऱ्याला भागाकार
ऐकवू नये.

तिच्या ट्रंकेत पाकिटं आहेत, भाडं, गॅस, गोळ्या.
सगळ्यात जाड विमानाचं,
सहा महिन्यांनी देशाबाहेर जाऊन यावं लागतं तिला,
घर इथे असलं तरी.
आणि एक तळाशी, तिच्या लिपीतल्या एका शब्दाचं.
मी विचारलं. तिने शब्द शोधला, सापडला नाही,
मग डोळे मिटून हात छातीवर ठेवले.
म्हणाली, तुला खर्च नको.

मला हसू आलं. वाईट, पण आलंच.
अगं बाई, इथे महापालिका फुकट जाळते!
लाकडं, रॉकेल, सगळं. माझ्या मिस्टरांना तसंच तर नेलं.
तुझ्या पासपोर्टला चालतं का, ते विचारावं लागेल.
ती बराच वेळ गप्प. मग विचारलं,
फुकट? नक्की?
आणि बोटांवर काहीतरी मोजू लागली.

सोमवारी देवळाली गावच्या बाजारात
आम्ही दोघी जातो, पिशव्या तिच्या, घासाघीस माझी.
द्राक्षं निघाली की घडाचे साठ, सुट्या मण्यांचे वीस.
तीन हंगाम तिने मणीच घेतले,
घमेल्यातून ओंजळीने, फुटके वेचून बाजूला काढत.
मणी पण द्राक्षच, म्हणायची तिच्या मराठीत,
देठाचे पैसे का द्यायचे?

परवा ती एकटीच गेली.
आली, आणि माझ्या टेबलावर वर्तमानपत्र सोडलं.
आत घड. लांब, पोपटी, वर देठ,
देठाला एक पानसुद्धा.

काही बोलली नाही. मीही नाही.
हाताला सवय, मी मोजायला लागले,
अंगठ्याने एकेक मणी सरकवत,
एकोणसत्तर, सत्तर, एकाहत्तर,
तेवढ्यात तिने मधलाच एक तोडून तोंडात टाकला
आणि हिशोब चुकला.