खाटेखाली

नऊ नंबरच्या खाटेखाली मगर आहे
असं हसुमतीबेन रोज रात्री सव्वानऊला सांगतात.
भुजहून आलेल्या नव्या डॉक्टरांनी
फायलीत लिहिलं : भ्रम.
लिहू देत. त्यांनी अजून
बडोद्याचा ऑगस्ट पाहिलेला नाही.
विश्वामित्री फुगली की इथे
मगर दुकानाच्या पायरीवर येऊन बसते,
वनखात्याची माणसं तिचं तोंड दोरीनं बांधून
टेम्पोत घालून नेतात,
मागे पोरं मोबाईल धरून पळत असतात.
ज्या गावात हे खरं आहे
तिथे आधी वाकून बघावं,
मग भ्रम म्हणावं.

म्हणून मी वाकते.
गुडघा कुरकुरतो, बावन्न संपलं मला.
टॉर्च एकदा डावीकडे, एकदा भिंतीपर्यंत.
एक स्लीपर, उलटी पडलेली.
बिस्किटाच्या पुड्याचा चुरगळलेला कागद.
"मला दिसली नाही, बेन," मी म्हणते.
"नाहीच आहे" असं म्हणत नाही.
या दोन वाक्यांमध्ये बोटभर फट आहे,
तेवढ्या जागेत मी एकवीस वर्षं
नोकरी केली.

पहिल्या वर्षी हे येत नव्हतं.
एका बाईला ठणकावून सांगितलं होतं मी,
खिडकीत कोणी नाही, गुपचूप झोपा.
तिने स्टीलचा पेला फेकून मारला.
भुवईवर तीन टाके.
टाके पडताना तिचा राग आला.
खपली धरली तेव्हा आठवलं,
फेकण्याआधी तिने चार वेळा
"सिस्टर" म्हणून हाक मारली होती.

साडेनऊला गोळ्या.
पाणी, घोट, मग जीभ उचला,
मग गालाच्या आतून बघायचं, नियमच आहे.
पण कोणाच्या तोंडात असं डोकावणं म्हणजे
न विचारता त्यांच्या घरातलं कपाट उघडणं.
म्हणून मी विचारते, "बघू का?"
विनोदिनी सिस्टर हसतात,
"आणि नाही म्हणाल्या तर?"
तर थांबते.
एकदा चाळीस मिनिटं थांबले,
तिकडे गॅसवर चहा आटून
पातेलं करपलं. ते अजून
घासून निघालेलं नाही.

"घेरथी फोन?" हेही रोजचंच.
"आज नाही आला, बेन."
फायलीतल्या नंबरावर
मकरपुऱ्यातलं एक पंक्चरचं दुकान लागतं.
ते मी सांगितलेलं नाही.
"आज नाही आला" एवढंच सांगते.
ते रोज खरं असतं.

गेल्या गुरुवारी काउंटरमागे उभी राहून
मी माझी बीपीची गोळी घेतली.
मागून आवाज आला,
"सिस्टर, जीभ बतावो."
वळून बघते तर हसुमतीबेन,
एक हात कमरेवर, मान किंचित तिरकी,
चष्मा नसतानाही
नाकावरून चष्मा वर सरकवत.
मी अशी दिसते होय!
मग एकदम मराठीत, माझ्याच सुरात,
"बघू का?"

मी आ केला.
जीभ उचलली. डावा गाल. उजवा गाल.
त्यांनी घाई केली नाही.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कळलं,
तोंड उघडं ठेवून उभं राहिलं
की माणूस किती लहान होतो,
आणि समोरच्याने आधी विचारलेलं असलं
की किती थोडाच.
"सारुं," त्या म्हणाल्या. "जाव."

त्याच रात्री सव्वानऊला पुन्हा मगर.
टॉर्चचे सेल संपलेले.
मी तशीच वाकले, काळोखात काय दिसणार.
तर खाट करकरली,
हसुमतीबेन स्वतः उतरून
माझ्याशेजारी फरशीवर गुडघे टेकून बसल्या.
दोघी बघत राहिलो.
"आहे?" मी विचारलं.
"हशे," त्या म्हणाल्या. "पण सूती छे.
धीमे बोलो."

असेल. झोपली असेल.
स्लीपर मात्र हाताला लागली,
ती सुलटी करून ठेवली,
आणि पुढचं काय ते
आम्ही हळू आवाजात बोललो.