पन्नास सायकल

जेल रोडवर माझं दुकान. पाटीवरचा ‘रेडिओ’ हा शब्द
मुलानं दोनदा खोडला, मी दोनदा परत रंगवला.
वसू पारनेरकरचं चरित्र कुणाला लिहायचं असेल
तर माझी जॉब-वही बघा.
काय काय मोडलं, तारखेनिशी आहे.

१९७६. पिक-अप सैल. गिटार कलकत्त्याची, मान जराशी वाकडी.
तेव्हा तो अनंत चतुर्दशीला मिलच्या झांकीपुढे ट्रकवर वाजवायचा.
फर्माईश असेतो फर्माईश.
ती संपली की एकच स्वर ओढत बसायचा,
ढोलकवाला खाली उतरून बिडी पिऊन येईपर्यंत.

तो स्वर त्यानं महूहून आणला होता,
ओस्वल्ड कीलर नावाच्या निवृत्त गार्डाकडून.
त्याच्याकडे सात तबकड्या आणि सुई एकच.
दर रविवारी वसू छोट्या लाइनीनं जायचा. एकदा मीही गेलो.
म्हातारा हिंदीत म्हणाला, तार दाब, वर ढकल,
पण पोचू नकोस. पोचलास की संपलं.

परतताना वसूनं डब्यात मला समजावलं :
कोमल गंधार आणि शुद्ध गंधार
यांच्या मधे एक बोळ आहे.
घर नसलेली माणसं तिथे राहतात.
मला एवढंच कळलं की राऊ स्टेशन मागे गेलं
आणि कचोरी घ्यायची राहिली.

१९८१. केबल. कात्रीनं कापलेली, सरळ रेषेत.
कापली वडिलांनी. गाण्याच्या परीक्षा घ्यायचे ते.
घेऊन आले तेही वडीलच.
म्हणाले, जोडून द्या. त्याला सांगू नका.
दोन रुपये.

१९८३. ही दुरुस्ती नव्हे.
बंद पडलेल्या टॉकीजमधून मी साउंडचा खोका उचलला,
वाल्व्ह बदलले, आणि त्याला अँप्लिफायर करून दिला.
घाबरत म्हणालो, हम राहिलाय थोडा,
पन्नास सायकलचा, वीज मंडळाकडून येतो.
त्यानं तो गिटारवर शोधला.
कुठल्याच पडद्यावर सापडेना, दोन पडद्यांच्या मधे कुठेतरी.
हसला. राहू दे म्हणाला.

पुढे पाच वर्षं वहीत तो नाही.
मुंबईत दुसऱ्यांच्या गाण्यांत दहा-दहा सेकंद वाजवले,
मग एका सारंगियाबरोबर जर्मनीची अकरा गावं.
एक कॅसेट निघाली. तीनशे प्रती.
दोनशे दहा माझ्या माळ्यावर आहेत, उन्हानं चिकटलेल्या.
एका गावात लोक उभे राहिले होते म्हणतात.
हे त्यानं नाही सांगितलं, सारंगियानं सांगितलं, तेही उसने पैसे मागताना.

१९९५. कुणीतरी भेट दिलेला अमेरिकन अँप्लिफायर.
एकशे दहा व्होल्टचा, लावला दोनशे वीसवर.
शिकागोचा धूर लोकमान्य नगरच्या तिसऱ्या गल्लीत.
वास फार छान होता, म्हणाला.

नंतर लग्नं. नंतर शाळेतली पोरं,
तीन कॉर्ड शिकून पुण्याला नोकरीला जाणारी.
सराफ्यात रात्री एकला भेटायचा, भुट्ट्याचा कीस खाताना,
बो टाय खिशात, गिटार दोन गुडघ्यांत.

२०११. डाव्या हाताची अनामिका. मिटली की उघडत नाही.
म्हणालो, ही मी करत नाही.
त्यानं तारा अर्ध्या सुरानं उतरवल्या,
तीन बोटांनी वाजवू लागला, आणि कमी वाजवू लागला.
मला जास्त ऐकू यायला लागलं.
का, ते माझ्या मीटरवर दिसत नाही.

गेल्या वर्षी मुलानं तो जुना खोका उघडला.
नवे कपॅसिटर, नीट अर्थिंग, पावती छापील.
आठव्या दिवशी वसू दारात. रिक्षात अँप्लिफायर.
भिया, म्हणाला, यात आता कुणी राहत नाही.

मुलगा जेवायला गेला होता.
खालच्या खणातून मी एक गळका कपॅसिटर काढला, तोच होता की तसाच, सांगता येणार नाही.
डाग दिला. स्विच दाबला.
घूं.
वसूनं मान कलती केली
आणि समोरच्या चहावाल्याला दोन बोटं दाखवली, तीही डाव्याच हाताची.

वहीत लिहिलं : बिघाड परत बसवून दिला.
मजुरीचा रकाना भरलेला नाही.
तारीख घालायची राहिली.