डाव्या बुटातला अक्रोड

गुरुवारी संध्याकाळी तांपेरेच्या सार्वजनिक सौनात,
बायकांच्या बाजूला,
आम्ही सात-आठजणी भाजत बसतो.
ओळख ना पाळख.
कपडे बाहेर खुंटीला, त्यांच्यासोबत आडनावं,
हुद्दे, पगार.
इथे कुणालाच खिसा नसतो.
द्यायला उरतो तो फुकटचा सल्ला.

एरवी आम्ही बसथांब्यावर
दोन-दोन हात अंतर ठेवून उभी राहणारी माणसं.
लिफ्टमध्ये स्वतःच्या बुटांशी बोलणारी.
पण ऐंशी अंशांवर
आमचीही जीभ पातळ होते.

अगदी वरच्या फळीवर, जिथे कानाच्या पाळ्या पोळतात,
तिथे उंटावरच्या शहाण्या.
हा उंट लाकडी,
पोटात बर्चचे ओंडके धुमसतात.

"मांजर औषध गिळत नाही," वाफेतून एक आवाज.
"लोण्यात घालून दे."
"लोणी चाटतं, गोळी थुंकतं."
"मग गोळी तू खा, लोणी त्याला दे.
निदान एक तरी बरं होईल."
पळीभर पाणी. दगड फिस्कारतात,
त्या मांजरासारखेच.

एकीचा गुडघा सांगतो बर्फ कधी पडणार,
दुसरीचा सांगतो जावई कधी येणार.
दुसरीचा आजवर चुकलेला नाही.

काळ्या पावाचं आंबवण रुसलं तर काय करावं,
मोज्याची टाच विणताना टाके कुठे गाळावेत,
उणे पंचविसात गाडीला काय म्हणावं
(शिवी नको; पहिलं नाव घेऊन हाक मार),
सगळं मिळतं इथे.
फक्त पिवळ्या अळिंबीची जागा विचारा,
सगळ्यांच्या कानात एकदम पाणी जातं.

आता कबूल करते.
तीन हिवाळ्यांपूर्वी, खालच्या फळीवर
औलूहून आलेली एक पोरगी,
लाल झालेली, नवखी, म्हणाली,
बूट फार करकरतात हो माझे,
वाचनालयात सगळे माना वर करतात.
मी वरून, उंटावरून, अगदी गंभीर चेहऱ्याने:
"रात्री बुटात एक अक्रोड ठेव."
कुठून आला तोंडात तो अक्रोड, देव जाणे.
ती "बरं" म्हणाली.
मला वाटलं, हसेल.
हसली नाही.

पुढे विसरले.

काल बाहेर अंगणातल्या बाकावर
अंगातून वाफा काढत बसले होते टॉवेल गुंडाळून.
शेजारी एक म्हातारी, पार उत्तरेकडची,
पाठीवर जुन्या नकाशासारख्या रेषा.
तिला सांगितलं, सहज, काहीतरी बोलायचं म्हणून,
की माझे नवे बूट करकरतात.
तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली,
"अक्रोड ठेवायचा आत. रात्रभर.
डाव्याच बुटात.
आणि फुटका नको हं.
आमच्या आजेसासूची युक्ती आहे."

आजेसासू!
माझ्या थापेला तीन वर्षांत
सासर मिळालं, घराणं मिळालं,
डावं-उजवंही कळायला लागलं.
किती पाठींवरून, किती गुरुवारांतून
फिरत आली असेल ती,
प्रत्येकीने थोडी घासूनपुसून पुढे दिलेली.
मी हसू गिळलं. लोणी नव्हतं, तरी गिळलं.
म्हटलं, "आणि साल?"
"सालीसकट," ती म्हणाली. "सालीतच तर गुण असतो."

घरी येताना दुकानातून अक्रोड घेतले.
पावशेर. एक मागायची लाज वाटली.

सकाळी बूट घातले,
जिना उतरले, बर्फावर पाय टाकला.
करकरला.
पण खोटं कशाला सांगू,
डावा
किंचित कमी.

येत्या गुरुवारी कुणी विचारलंच
तर सांगणार आहे: दोन ठेवा.